पितळी घंगाळ, जुनं, नाव घातलेलं

बाबांचा हात उठणार असं दिसलं की आई आधी गॅस बंद करायची. मार चुकवायच्या भानगडीत ती पडत नसे. मार काही चुकणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण उकळतं कालवण अंगावर सांडू नये एवढी काळजी ती घ्यायची. लालबागची आमची खोली दहा बाय बारा. त्यात मोरी, पोटमाळा, पलंग, मी, आई आणि बाबा. थप्पड पडली की तिचा आवाज आधी पत्र्याच्या कपाटावर आपटायचा आणि मग शेजारी पोचायचा. शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवायचे. ती त्यांची रीत होती, त्यात वाईटपणा नव्हता; आमच्याकडचं ऐकू येऊ लागलं की ते आमची अब्रू झाकायचे. पाच-दहा मिनिटांनी सगळं शांत व्हायचं. आई पदराने नाक पुसून गॅस परत पेटवायची. मग आम्ही तिघं जेवायला बसायचो. बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळं, गरम भात, वाटीत सोलकढी. बाबा पहिला घास घेऊन म्हणायचे, "मीठ कमी आसा," आणि आई मीठ पुढे सरकवायची. जेवण मात्र रोजच उत्तम व्हायचं.

मी काही साधू नव्हतो. चाळीच्या मागच्या पटांगणात क्रिकेटच्या एका रनवरून मी एकाचं बोट मोडलं होतं. कोणी आईवरून शिवी दिली की मला डोळ्यांपुढे काही दिसायचं नाही, फक्त समोरच्याचं तोंड दिसायचं, आणि माझी मूठ त्यात जायची. खरं सांगायचं तर मजा यायची. मारताना जी गरमी अंगात चढते ती मला आवडायची, आणि नंतर माझे हात थरथरायचे तेही आवडायचं. पोरं म्हणायची, मंग्या बापावर गेलाय, आणि मला ते कौतुक वाटायचं. आता चाळिशी आली, केस पिकलेत, डॉक्टरांनी रागवायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि मी माझ्या मुलीला कधी मारलेलं नाही. पण एकदा हात उचलला होता. तो हात हवेत कसा थांबला ते मला अजून नीट कळलेलं नाही. हे प्रकरण त्या हाताबद्दल आहे, आणि इतकी वर्षं मी ते लिहायचं टाळत आलोय.

बाबांना एक धाकटी बहीण होती, सुमन. मला ती आठवत नाही, मी तेव्हा वर्षाचा होतो. आईने एकदाच, ती कोळंबी सोलत असताना, दबक्या आवाजात सांगितलं होतं. सुमनआत्याने भायखळ्याच्या एका दुसऱ्या जातीच्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि पाया पडायला दोघं चाळीत आली. बाबांनी तिला गॅलरीत, सगळ्यांदेखत मारलं. मनगट मोडलं तिचं. नवरा मध्ये पडला तर त्यालाही मारलं. आजोबा आत पलंगावर बसून होते, ते उठले नाहीत. ती अंगावरच्या साडीनिशी गेली, त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव कोणी काढलं नाही. "तू पण काढू नको," एवढं बोलून आई कोळंबीचं भांडं घेऊन मोरीत गेली.

त्या आजोबांनी, म्हणजे बाबली गोविंद पेडणेकरांनी, गिरणीतून निवृत्त होताना चाळीला भांडी दिली होती. पातेली, पराती, कळश्या आणि एक भलंमोठं पितळी घंगाळ. सत्यनारायण असो, बारसं असो, तेरावं असो, ती भांडी जिन्याखालच्या कोठीतून निघायची आणि धुऊन परत आत जायची. प्रत्येकावर नाव घातलेलं. आमच्यात नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. दुकानदार त्याच्या त्या कर्रकर्र वाजणाऱ्या मशिनीने काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव काढून देतो, आणि भेट असेल तर देणाऱ्याचं आधी आणि घेणाऱ्याचं नंतर. चाळीच्या घंगाळावर गोल फिरत लिहिलं होतं, 'बा. गो. पेडणेकर, लालबाग, यांजकडून चाळीस सप्रेम भेट.' आम्ही पोरं त्या 'चाळीस'वरून आजोबांना छळायचो, की चाळीस भेटी दिल्यात तर बाकीच्या एकोणचाळीस कुठायत. आजोबा गेल्यावर कोठीची चावी बाबांकडे आली. बाबा लोअर परळला, ज्या गिरणीत ते कधीकाळी होते तिच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, गेटवर बसायचे. तिथे त्यांना साहेबलोकांच्या गाड्यांना सलाम करावा लागे. चाळीत मात्र ते भांड्यांचे मालक होते. प्रसादाच्या शिऱ्याला कुठलं पातेलं हे बाबा ठरवणार, आणि त्यावर कोणी हूं की चूं करणार नाही.

ती भांडी चोरीला गेली. एका सकाळी कोठी उघडली तर आत दोन झारे आणि एक फुटकं झाकण. कुलूप जागच्या जागी, शाबूत. चाळीची मीटिंग भरली. दुसऱ्या मजल्यावरचे तावडेकाका, मंडळाचे सेक्रेटरी, चष्मा पुसत म्हणाले, "कुलूप फुटलेलं नाय. म्हणजे चावीनेच उघडलं. चावी कोणाकडे असते ते मी सांगायला नको." बाबा उठले. "माझ्या बापाशीन दिलेली भांडी मी कित्याक चोरतलंय रे?" एवढं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत लोखंडी घडीची खुर्ची उचलून तावडेकाकांच्या तोंडावर घातली. दोन दात फरशीवर पडले. एक तर घरंगळत माझ्या पायाशी आला. मी तो पाहिला आणि मला, देवा शपथ, अभिमान वाटला. पण त्या खुर्चीने बाबांचं सगळं घालवलं. निर्दोष माणूस असा मारतो का, असं सगळे म्हणायला लागले. चावी गेली. पुढच्या सत्यनारायणाला शिरा ढवळायला त्यांना कोणी हाक मारली नाही, आणि गॅलरीतून जाताना बायका भांडी आत घ्यायला लागल्या. बाबा वर आले, आणि आईने गॅस बंद केला.

ते महिने मला आठवायला नको वाटतात. आधी आठवड्यातून एकदा होणारं ते रोज व्हायला लागलं. एकदा आईचा कान फुटला, त्यातून पाणी यायचं. मी मध्ये पडलो की मला बसायचं, मी उलटा हात टाकला की आईच माझ्या कमरेला मिठी मारायची आणि म्हणायची, "बापूस आसा तो तुझो!" माझं बाबांवर प्रेम होतं. आज हे सांगायची लाज वाटते, पण होतं, भरपूर होतं. मला वाटायचं, खरा चोर सापडला की चावी परत येईल, चावी आली की बाबा परत पूर्वीसारखे होतील, म्हणजे आठवड्यातून एकदाच मारतील. तेवीस वर्षांच्या घोड्याची एवढीच झेप होती.

मी तेव्हा परळला एका छोट्या ऑफिसात काम करत होतो. आमचा धंदा असा: जुन्या वस्तू, गाड्या, भाड्याच्या खोल्या यांच्या जाहिराती इंटरनेटवर पडतात, आणि चांगला माल पहिल्या पंधरा मिनिटांत उचलला जातो. एजंट लोकांना ती जाहिरात सगळ्यांच्या आधी कळायला हवी असते. त्यासाठी मी प्रोग्राम लिहायचो. दर पाच मिनिटांनी तो साईट उघडणार, आधी पाहिलेल्या जाहिराती बाजूला काढणार, नवीनमध्ये गिऱ्हाइकाचे शब्द शोधणार, आणि सापडले की त्याच्या फोनवर मेसेज. अवघड असं काही नाही, फक्त चिकाटी लागते. मशीनला चिकाटी आपसूक असते, कंटाळा हा प्रकार तिला ठाऊकच नाही. एक दिवस डबा खाताना माझ्या डोक्यात आलं की चोरीची पितळी भांडी भंगारात जात नाहीत हल्ली. मोठमोठ्या घरांतल्या हॉलमध्ये त्यांत पाणी घालून फुलं तरंगवतात, 'अँटिक' म्हणून. म्हणजे ती कधी ना कधी जाहिरातीत येणार.

मी शब्दांची यादी केली. पण आपले लोक इंग्रजी अक्षरांत काय वाट्टेल ते लिहितात. घंगाळ शब्दात कोणी एक ए घालतो, कोणी दोन, कोणी घ चा ग करतो. म्हणून मी प्रोग्रामला सांगितलं, अर्धा शब्द जुळला तरी धर. हीच ती गोष्ट. अर्धं जुळलं तरी धर. पहिल्याच दिवशी फोनने वेड लावलं. 'पातेलं'चं अर्धं म्हणजे इंग्रजीत झालं पटेल, आणि मुंबईतले झाडून सारे पटेल त्यांचे सोफे आणि फ्रिज घेऊन माझ्या खिशात घुसले. 'परात' इंग्रजीत लिहिली की ती 'सेपरेट'च्या मधोमध बसते, त्यामुळे सेपरेट एन्ट्रन्स असलेली प्रत्येक खोली टुंग करून हजर. आमच्याच मजल्यावरचा माझा दोस्त बंड्या पोट धरून हसायचा. "मंग्या, तू चोर पकडतोयस का भाडोत्री?" मी पटेलांना वगळलं, सेपरेटला वगळलं, यादी घासूनपुसून नीट केली. सहा आठवडे काही नाही. बाबा रोज कामावरून आले की शर्ट काढताना विचारायचे, "वाजला काय तुझा?" त्यांच्या आवाजात मी आयुष्यात पहिल्यांदा विनंती ऐकत होतो.

मग एका शनिवारी दुपारी, आई कुळथाची पिठी वाढत असताना, टुंग झालं. 'पितळी घंगाळ, जुनं, नाव घातलेलं, अर्जंट विकणे. भायखळा.' फोटो एकच. मी तो मोठा केला. चिंचेने घासून लखलखीत केलेलं पितळ, कडेला जाड गोल कडी, आणि काठाखाली ठिपक्यांची अक्षरं. बा. गो. पेडणेकर, लालबाग. त्यापुढे पितळ वळत होतं आणि अक्षरं मागे जात होती. बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला. "माझ्या बापाशीचा नाव," ते म्हणाले. "सोडू नको त्येका." दुसऱ्या बाजूचा एक फोटो पाठव, एवढा निरोप टाकायला किती वेळ लागतो? मी रोज गिऱ्हाइकांना तेच बजावायचो, चारी बाजूंचे फोटो मागवल्याशिवाय घराबाहेर पडू नका. मी ताट सोडून उठलो. पोलिसांत जाऊ या का असं आईने विचारलं. मी तिच्यावर ओरडलो, अगदी बाबांच्या आवाजात.

बंड्याला घेतलं, बाईकवर टांग टाकली, वाटेत विकणाऱ्याला फोन केला. घ्यायचंय, आत्ता येतो. तो खूश झाला. भाजी मार्केटच्या मागे, एका जुन्या इमारतीत तळमजल्याची खोली. दुपारचे तीन-साडेतीन, बाहेर कोबीच्या पानांचा वास, हमाल झोपलेले. दार उघडलं ते माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान पोराने, नुकती दाढी फुटलेला, चष्मा, अंगात घरचा बनियन. "या ना, या. पाणी घेणार?" खोलीभर बांधलेली खोकी. म्हणाला, आम्ही बदलापूरला चाललोय, तिकडे गिझर आहे, आता घंगाळ कोण वापरतंय. टेबलावर पेपर अंथरून त्यावर ते ठेवलं होतं. मी नावावर बोट ठेवलं.

"हे कुठनं आणलं?"

"आईचं आहे."

"तुझ्या आईचं? पेडणेकर नाव आहे काय तुझ्या आईचं?"

"हो, म्हणजे तिचं माहेरचं-"

त्या शब्दावर मी त्याला मारलं. तो शब्द मी ऐकला होता. ऐकू आला नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं, पण कानात गेला होता आणि हात त्याच्या पुढे धावला. पहिला ठोसा तोंडावर, चष्मा गेला. तो खोक्यांवर पडला, त्याने दोन्ही हात पुढे केले आणि "अरे, काय झालं? काय झालं?" असं विचारत राहिला. मी लाथा घातल्या. पोटात, बरगड्यांत, एकदा मानेवर. "बोल, कोठी कोणी उघडली? बोल भडव्या!" त्याला कोठी म्हणजे काय तेच कळत नव्हतं, आणि न कळण्यामुळे तो मला अधिकच बनेल वाटत होता. माझ्या बापाला चोर ठरवून हा इथे बनियन घालून पाणी विचारतोय. तीच गरमी अंगात चढली होती, आणि खोटं कशाला बोलू, छान वाटत होतं. बंड्या दार लावून उभा होता. सुरुवातीला म्हणाला, "दे साल्याला," मग म्हणाला, "मंग्या, बस," मग ओरडला, "बस म्हणतो ना, मरेल तो!" मी थांबलो नाही. मी घंगाळ उचललं. का उचललं हे मला सांगता येत नाही. नाव दाखवायला उचललं असावं. दोन्ही कड्यांनी धरून मी ते त्याच्या तोंडासमोर नेलं, "वाच! वाच हे!" आणि त्याने ते हाताने ढकललं. मग मी ते खाली आणलं. सगळा जोर लावून. कडी त्याच्या उजव्या डोळ्यात बसली. आवाज फार झाला नाही. तो किंचाळला आणि मग एकदम गप्प झाला, आणि बोटांमधून रक्त आणि आणखी काहीतरी पाण्यासारखं येऊ लागलं.

घंगाळ जमिनीवर पडून गोल फिरलं आणि माझ्याकडे दुसरी बाजू करून थांबलं. मी वाचलं. वाचण्याची सवय वाईट, डोळे आपोआप वाचतात. 'यांजकडून चि. सौ. कां. सुमन हीस.' एकाच दुकानातून, एकाच हाताने आजोबांनी दोन घंगाळं घडवली होती. एक चाळीला, एक पोरीला. पलंगावरून न उठलेल्या त्या म्हाताऱ्याने, पोरगी मनगट मोडून घराबाहेर गेल्यावर, तिच्या नावाआधी लग्नाच्या नवरीचं 'सौभाग्यकांक्षिणी' घालून गुपचूप हे भांडं तिच्या घरी पोचवलं होतं. आणि मी त्या भांड्याने तिच्या पोराचा डोळा फोडला होता. बंड्या त्याच्या डोळ्यावर आपला शर्ट धरून मला आईवरून शिव्या देत होता. मला राग आला नाही.

तेवढ्यात दार ढकलून ती आत आली. हातात भाजीची पिशवी, पन्नाशीच्या आतबाहेरची बाई, केस मागे घट्ट बांधलेले. मला तिची ओळख पटायला क्षणही लागला नाही, कारण बाबांचं नाक आणि बाबांचं कपाळ माझ्यासमोर उभं होतं. तिने पोराकडे पाहिलं, रक्ताकडे, घंगाळाकडे, मग माझ्याकडे. तिलाही वेळ लागला नाही. "दादाचा तू," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. मग पिशवी टाकून ती पोरापाशी, नितीनपाशी बसली, आणि मला म्हणाली, "टॅक्सी आण. उभा काय राहिलायस, टॅक्सी आण!"

हॉस्पिटलच्या बाकावर ती माझ्या शेजारीच बसली होती. तिचे यजमान पूर्वीच वारले होते, दुसरं कोणी नव्हतं तिला. साडीच्या निऱ्यांवर रक्त वाळून काळं पडलं होतं. मी सगळं सांगितलं. कोठी, चावी, खुर्ची, तावडेकाकांचे दात, माझा प्रोग्राम, अर्धा फोटो. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. मग म्हणाली, "बावीस वर्षं ते घंगाळ मी माळ्यावर टाकलं नाही. दर दिवाळीला घासून दारात ठेवायची. म्हटलं, कोणीतरी येईल, बघेल, नाव वाचेल. कोणी आलं नाही. म्हणून या वेळी नितीनला म्हटलं, काढ विकायला." मग माझ्याकडे वळून, "विकायला काढलं तेव्हा आलात!" असं ती इतक्या जोरात बोलली की नर्सने वाकून पाहिलं. मी तिचे पाय धरायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले.

डॉक्टर येऊन सांगून गेले, डोळा वाचणार नाही. त्यांच्यामागून हॉस्पिटलच्या चौकीतला हवालदार आला, वही घेऊन. मारामारीची केस वाटतेय, म्हणाला, काय झालं नीट सांगा. मी उभा राहिलो. सांगणार होतो. आज कोणाला पटो न पटो, पण मी तोंड उघडलं होतं. ती माझ्या पुढे आली.

"मोरीत पाय घसरला त्याचा," आत्या म्हणाली. "घंगाळाच्या कडीवर पडला."

"आणि बरगड्या?"

"पडला म्हटलं ना. उंबऱ्यावर आपटला." ती अजिबात अडखळली नाही. हे वाक्य तिच्या तोंडी तयारच होतं, कुठेतरी फार आधी, एका मोडलेल्या मनगटासाठी वापरून झालेलं.

हवालदाराने माझ्याकडे बोट केलं. "हा कोण?"

"माझा भाचा. माहेरचा."

"काय रे, तू होतास तिथे? पडला तो?"

आत्या माझ्याकडे बघत नव्हती. स्ट्रेचरवर नितीनने पट्टीबाहेरचा एक डोळा उघडला होता आणि तो माझ्याकडे बघत होता. शुद्धीवर होता. सगळं ऐकत होता.

"हो," मी म्हणालो. "पडला."

हवालदार लिहून घेऊन गेला. तो वळल्यावर मी आत्याला विचारलं, का. तिने तोंड पदरात घातलं. "बावीस वर्षांनी माहेरचं माणूस दारात आलं रे," ती म्हणाली, "त्याला पोलिसात देऊ?" आणि मग ती रडली, अशी की मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

घरी गेलो तेव्हा बाबा दारातच होते. "गावलां घंगाळ?" मी सांगितलं, ते आपलं नव्हतं, सुमनआत्याचं होतं, आणि मी तिच्या पोराचा डोळा घालवून आलोय. मला वाटलं, आता मार पडेल. पडावा असं वाटत होतं. आईने गॅसकडे हात नेला. बाबा पलंगावर बसले, आजोबा बसायचे त्याच जागी. आमच्या मालवणीत घरातल्या धाकट्या पोरीला 'ती' म्हणत नाहीत, 'ता' म्हणतात, माणूस कितीही मोठं झालं तरी. बाबांनी विचारलं, "कसां आसा ता?" ते तिच्याकडे कधी गेले नाहीत. भायखळ्याचा रस्ता लालबागपासून चालत अर्ध्या तासाचा, पण नाही गेले. मी त्या रात्रीच प्रोग्राम पुसून टाकला. चाळीची भांडी पुढे कुठे जाहिरातीत आलीही असतील, मी बघायला नव्हतो. खरा चोर सापडला नाही, चावी परत आली नाही, आणि बाबा चाळीसाठी चोर म्हणूनच मेले. आईचा तो कान शेवटपर्यंत गेलेलाच राहिला.

आत्याकडे मी जात राहिलो. बदलापूरला, महिन्यातून एकदा, मासळी घेऊन. नितीन माझ्याशी नीट बोलायचा, चहा द्यायचा, क्रिकेटचा स्कोअर विचारायचा. त्या दिवसाचा विषय त्याने कधी काढला नाही, मी तर नाहीच नाही. गेल्या वर्षी आत्या गेली. दहाव्याला आम्ही दोघं तिच्या खोलीत बसलो होतो, मध्ये तिचा फोटो. नितीनची धाकटी मुलगी, नऊ-दहा वर्षांची, त्याच्या मांडीवर येऊन बसली आणि त्याच्या काचेच्या डोळ्याला बोट लावून म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी सांगितलंच नाही. हा डोळा कसा गेला?"

नितीनने तिला उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. वाट पाहत. मी बोलेन म्हणून त्याने चांगला मिनिटभर वेळ दिला मला. बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मी चप्पल शोधायच्या निमित्ताने मान खाली घातली.

"पडलो होतो, बाळा," तो म्हणाला. "मोरीत."

तो पडला नव्हता. मी मारलं होतं.